विश्लेषण : पुस्तकात क्यूआर कोड आला, पण शिक्षकांचे काय? रणजितसिंह डिसले यांचा प्रवास काय सांगतो?

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरील क्यूआर कोड आता पालकांच्याही सवयीचा झाला आहे. महाराष्ट्रात या वापराची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातील एका शिक्षकाने केली. मात्र त्यांचे काम केवळ कोडपुरते नव्हते.

डिसले गुरुजी कोण?

रणजितसिंह डिसले यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडले आणि ते अध्यापनाकडे वळले. 2009 मध्ये ते माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. तेव्हा शाळेची इमारत पडक्या अवस्थेत होती. एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला कोठार. मुलींची उपस्थिती फारच कमी होती.

क्यूआर कोडने काय साधले?

कोडमध्ये धडा साठवलेला नसतो, तर त्याचा इंटरनेटवरील पत्ता असतो. त्यामुळे छापील पुस्तक तेच राहते आणि त्यामागचा मजकूर बदलता येतो. डिसले यांनी कोडमागे कवितांचे ऑडिओ, व्हिडीओ, गोष्टी आणि स्वाध्याय ठेवले. मुलांना समजेल अशा भाषेत पाठ्यपुस्तकांचा अनुवादही केला. 2017 मध्ये राज्य सरकारने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड देण्याचा निर्णय घेतला. पुढे एनसीईआरटीनेही तो मार्ग धरला.

जागतिक दखल कशी घेतली गेली?

3 डिसेंबर 2020 रोजी त्यांना वार्की फाउंडेशनचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. 140 हून अधिक देशांतून 12 हजारांवर नामांकने आली होती. पुरस्काराच्या 10 लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उर्वरित नऊ शिक्षकांना वाटून दिली. जून 2021 मध्ये जागतिक बँकेच्या ‘ग्लोबल कोच’ उपक्रमाच्या सल्लागारपदी त्यांची निवड झाली. नोकरीत असलेल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा दर्जा सुधारणे, हा या उपक्रमाचा हेतू आहे.

मग अडचण कुठे आहे?

कोड छापणे एका आदेशाने होते. पण कोणता व्हिडीओ दाखवायचा, तो कुठे थांबवून प्रश्न विचारायचा, फोन नसलेल्या मुलाला कसे सामावून घ्यायचे, हे वर्गातला शिक्षकच ठरवतो. एखाद दिवसाच्या प्रशिक्षणात अ‍ॅप वापरता येऊ लागते, शिकवण्याची सवय बदलत नाही. त्यासाठी वर्गात येऊन पाहणारा, शिकवण्यावर बोलणारा आणि पुन्हा येणारा मार्गदर्शक लागतो.

शिक्षकाला स्वतः शिकण्यासाठी वेळही लागतो. जानेवारी 2022 मध्ये डिसले यांच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या अभ्यास रजेचा वाद गाजला. अखेर तत्कालीन शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांना त्यात लक्ष घालावे लागले. पुरस्कारविजेत्या शिक्षकाची ही स्थिती असेल, तर दुर्गम शाळेतील शिक्षकाने पुढे शिकायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

पालकांनी काय करावे?

दीक्षा अ‍ॅपमधून पुस्तकातील कोड स्कॅन करावा. स्कॅन झाला नाही, तर कोडसोबत छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण टाइप करावी. व्हिडीओ संपल्यावर फोन बाजूला ठेवून मुलाला एकच विचारावे : काय समजले?