आधी पैसे भरा, मग कमवा? ऑनलाइन धंदा खरा की खोटा, असा ओळखा

मुंबई : वरळी कोळीवाड्यातली एखादी ताई सुके बोंबील, जवळा आणि घरचा मसाला व्हॉट्सॲपवर विकू लागली, तर तिचा हिशोब सोपा असतो. मालाचे पैसे, पिशवी, कुरिअर वजा जाता उरला तो नफा. माल सादळला तर तोटाही तिचाच. खरा ऑनलाइन धंदा असाच असतो. फोनमुळे लांबचं गिऱ्हाईक मिळतं, कष्ट काही चुकत नाहीत.

खोट्या धंद्यात गिऱ्हाईकच नसतं. नवीन माणसाने भरलेले पैसे जुन्याला नफा म्हणून दिले जातात.

कोळीवाड्यापासून जवळच दादरला २०२४ मध्ये 'टोरेस'चं दागिन्यांचं दुकान थाटलं गेलं. खडे घ्या, दर आठवड्याला पैसे मिळतील, असं सांगितलं गेलं. दर आठवड्याला ६ टक्के, पुढे ११ टक्क्यांपर्यंत. ६ टक्केच धरले तरी १० हजारांवर वर्षाला ३१ हजार २०० होतात. एवढा नफा ना मासळीत, ना कांद्यात! सुरुवातीला हप्ते मिळाले, म्हणून लोकांनी पाहुण्यारावळ्यांनाही आणलं. हप्ते थांबले आणि ६ जानेवारी २०२५ ला दुकानासमोर गर्दी उसळली. शिवाजी पार्क पोलिसांत तक्रार देणारा माणूस भाजीविक्रेता होता.

ऑनलाइनचं उदाहरण 'स्पीक एशिया'चं. ११ हजार भरा, घरबसल्या सर्व्हेचे फॉर्म भरून कमवा, अशी ती योजना होती. २०११ मध्ये ती बंद पडली आणि प्रकरण पोलिसांत गेलं. आता तेच टेलिग्रामवर चालतं. व्हिडिओ लाइक केल्याचे आधी शे-दोनशे मिळतात, मग मोठ्या 'टास्क'साठी पैसे भरायला लावतात.

पैसे देण्याआधी एवढं तपासा :

• माल कोण विकत घेतो? उत्तर 'माणसं जोडा' असं आलं, तर तिथून उठा. साखळी योजनांवर १९७८ पासून कायद्याने बंदी आहे.

• भांडवल कशात जातं? बर्फात, मालात गेलं तर धंदा. नोंदणी फी, डिपॉझिट, 'अकाउंट चालू करायला' गेलं तर धोका.

• नफ्याची हमी आहे का? खरा व्यापारी हमी देत नाही.

• पैसे येताना यूपीआय पिन लागत नाही. मागितला तर समजा, पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

• सरकारी 'उद्यम' नोंदणी मोफत आहे. मात्र असं प्रमाणपत्र दाखवलं म्हणून योजना खरी ठरत नाही.

फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखता येतात, म्हणून वेळ महत्त्वाची. लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसलात, तर बचत गटातली दुसरी बाई त्याच जाळ्यात सापडेल.