फुकटचं फोटोशॉप, घरभराचे पासवर्ड

सबमिशन दोन दिवसांवर आलंय, फोटोशॉप विकत घेणं खिशाबाहेरचं आणि ग्रुपवर कुणीतरी ‘क्रॅक’ची लिंक टाकलीय. डाउनलोड केलेल्या फोल्डरमध्ये हमखास एक टेक्स्ट फाइल असते. तिच्यातली पहिलीच सूचना : आधी अँटिव्हायरस बंद करा. ‘मी येतोय, वॉचमनला जरा चहाला पाठवा’ असं सांगणाऱ्याला कुणी घरात घेईल? इथे मात्र आपण बिनधास्त घेतो.

गंमत म्हणजे फोटोशॉप चालतंही! म्हणून तर संशय येत नाही. पूर्वीचे व्हायरस निदान कम्प्युटर बंद तरी पाडायचे. आताचे ‘इन्फोस्टीलर’ गुपचूप येतात, ब्राउजरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतात आणि मालकाकडे पाठवून देतात. ‘लुमा’ हा त्यातलाच एक. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्यावर कारवाई केली. त्याआधीच्या दोनच महिन्यांत तो जगभरातल्या ३,९४,०००हून जास्त विंडोज कम्प्युटरवर सापडला होता.

‘माझ्याकडे ओटीपी आहे’ या भरवशावरही राहू नका. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉग-इन केल्याची पावती. ती दुसऱ्याच्या हाती लागली की साइटला वाटतं, तुम्हीच आलात. मग ओटीपी विचारला जाईलच असं नाही. इन्स्टा गेलं की आपण बोंबाबोंब करतो, पण त्याच पीसीवर आईचा मेल आणि बाबांचं नेटबँकिंगही असतं.

आणखी एक नवा फंडा म्हणजे खोटा कॅप्चा. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणत तो विंडोज आणि ‘आर’ ही बटणं दाबायला लावतो, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. म्हणजे चोराची कमांड आपणच चालवायची! खरा कॅप्चा असलं काही सांगत नाही. टॅब बंद करा, विषय संपला.

महागडा अँटिव्हायरस घ्यायलाच हवा, असं मला वाटत नाही. विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. फक्त तो चालू ठेवा आणि अपडेट पुढे ढकलत बसू नका. फोटोशॉपऐवजी गिंप किंवा क्रिटा वापरून बघा, दोन्ही फुकट आहेत. धाकट्या भावाला पीसीवर वेगळं, ॲडमिन नसलेलं अकाउंट काढून द्या. त्याच्या गेमच्या ‘चीट’मधून काही आलंच, तर बाबांच्या ब्राउजरपर्यंत पोचणं त्याला जड जाईल.

काहीतरी घुसलंय अशी शंका आली, तर पासवर्ड त्याच पीसीवरून बदलू नका. नवा पासवर्डही तिकडेच जाईल. मोबाइलवरून बदला, ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉग-आउट’ करा आणि मग पीसीवर विंडोज नव्याने टाका. बँकेतून पैसे गेले असतील, तर आधी १९३० या हेल्पलाइनला फोन. घरच्यांना काय सांगायचं, हा विचार नंतर.