स्वतःचे प्रांगण मोडणारा पुढारी

कुर्दांचे नेते मुल्ला मुस्तफा बारझानी आणि हैदराबाद मुक्तिलढ्याचे सेनानी स्वामी रामानंद तीर्थ या दोघांचे जन्मवर्ष एकच, १९०३. ज्यांच्या भाषेला राजदरबारी स्थान नाही अशा लोकांचे पुढारीपण दोघांकडेही आले. बारझानींना मात्र आयुष्यभर परक्या सत्तांच्या आधारावर विसंबावे लागले. १९४६ मधील महाबादचे कुर्दी प्रजासत्ताक वर्षभरही टिकले नाही आणि त्यानंतर सोव्हिएट रशियातील दीर्घ अज्ञातवास त्यांच्या वाट्यास आला. १९७५ मध्ये इराणच्या शहाने अल्जीयर्स येथे इराकशी समेट करून हात काढून घेताच त्यांचा लढा कोसळला. १९७९ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले.

स्वामीजींवर ही वेळ आली नाही, याचे श्रेय स्वतंत्र भारताच्या सामर्थ्याला दिलेच पाहिजे. परंतु सारे श्रेय तेथेच देऊन मोकळे होण्याची सवय आपल्याला जडली आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला नेकनूरसारख्या गावोगावी ध्वज चढतो आणि भाषणे रंगतात ती १९४८ च्या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईची! नेकनूरहून केजमार्गे अंबाजोगाईस जाणाऱ्या रस्त्याच्या त्या टोकाला या लढ्याची बीजे पेरली गेली, याचा उल्लेख कितीसा होतो?

निजामी राज्यात बहुसंख्य प्रजेची भाषा मराठी, तेलुगू वा कन्नड. पण कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. अशा काळात पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर प्रथम हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि १९३५ पासून अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिकवीत होते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्यासमवेत होते. शाळेतील या संन्याशाला १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाने तुरुंगात नेले. पुढे १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वातंत्र्याचा सोहळा करीत असता हैदराबादेत त्यांना पुन्हा अटक झाली.

तथापि त्यांचे खरे मोठेपण, आमच्या मते, मुक्तीनंतरच्या आठ वर्षांत दिसते. राज्य हाती आले होते, पक्ष हाती होता. ते राज्य अखंड राहावे असे म्हणणारे थोडेथोडके नव्हते. खुद्द पंडित नेहरूंना त्याच्या विघटनाची कल्पना रुचत नव्हती. स्वामीजींनी मात्र भाषेच्या पायावर त्याचे त्रिभाजन व्हावे असा आग्रह धरला. राज्य मोडले म्हणजे ज्या स्टेट काँग्रेसमध्ये आपण वाढलो तीही मोडणार, आपले प्रांगणच उरणार नाही, हे त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? राष्ट्रवादी पुढाऱ्याला सत्तेचा मोह पडतो, तसाच नकाशाचाही पडतो. हा दुसरा मोह आवरणे अधिक कठीण.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. बीडसह मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. अनुशेषाची आमची तक्रार खरी आहे, ती मांडलीही पाहिजे. पण त्या रागाच्या भरात अधूनमधून स्वतंत्र मराठवाड्याची भाषा होते, तेव्हा त्या व्यासपीठावर स्वामीजींची तसबीर लावू नये. त्यांनी नेमका उलट निर्णय, पदरचे मोल देऊन, घेतला होता.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे देहावसान झाले. ते शहर तेव्हा आंध्र प्रदेशाची राजधानी होते.