खुर्ची मोठी, हवा तीच

आखाती देशांत नोकरी करणारी मुले आणि त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहून येणारे आईवडील हे चित्र आता आपल्याकडे नवे राहिलेले नाही. मुंबईहून दुबईचा विमानप्रवास साधारण तीन ते साडेतीन तासांचा. तिकीट काढण्याची वेळ आली की मुलगा किंवा मुलगी म्हणते, "या वेळी बिझनेस क्लासनेच या, म्हणजे त्रास होणार नाही." त्यावर आई म्हणते, "तीन तासांसाठी एवढे पैसे कशाला घालवायचे?" अशा वेळी निवाड्यासाठी हा प्रश्न अनेकदा डॉक्टरांपुढे येतो: प्रकृतीच्या दृष्टीने त्या महाग खुर्चीचा खरोखर उपयोग आहे का?

याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. ती खुर्ची आपल्याला काय देते आणि काय देत नाही, हे वेगवेगळे पाहिले की प्रत्येक कुटुंबाला आपला निर्णय आपणच घेता येईल.

हवा सर्वांना सारखीच

विमान ३५ ते ४० हजार फुटांवरून उडत असते. आतील हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला असला, तरी तो जमिनीवरच्या इतका नसतो. आतली स्थिती सुमारे ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तशी असते. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे आणि राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फुटांवर. म्हणजे विमानात बसलेला प्रवासी काही काळ कळसूबाईहूनही उंच जागी श्वास घेत असतो. निरोगी माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी थोडीशीच उतरते. परंतु जुना दमा, धूम्रपानामुळे झालेला फुप्फुसांचा विकार, हृदयाची कमकुवत झालेली पंपिंग शक्ती किंवा तीव्र रक्तक्षय असेल, तर ही उतरण त्रासदायक ठरू शकते.

ही हवा पुढच्या रांगेत आणि शेवटच्या रांगेत अगदी सारखीच असते. जादा पैसे मोजून जागा मिळते, ऑक्सिजन मिळत नाही. ज्यांना सपाट रस्त्यावर ५० मीटर चालताना किंवा जिन्याच्या दहा-बारा पायऱ्या चढताना थांबून श्वास घ्यावा लागतो, त्यांनी कोणत्या वर्गाचे तिकीट काढायचे हा प्रश्न बाजूला ठेवून आधी आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. प्रवासात ऑक्सिजनची गरज आहे असे ठरल्यास विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म आधी भरून द्यावा लागतो. घरचा सिलिंडर विमानात चालत नाही. छोटे ऑक्सिजन यंत्र नेता येते, पण तेही कंपनीच्या पूर्वसंमतीने आणि पुरेशा बॅटऱ्यांसह.

हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, डोळ्यात वायू भरून केलेली पडद्याची शस्त्रक्रिया यांपैकी काही नुकतेच झाले असेल, तर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या अनुमतीशिवाय प्रवासाची तारीख ठरवू नये. उंचीवर शरीरातील बंदिस्त वायू सुमारे ३० टक्क्यांपर्यंत फुगतो. शस्त्रक्रियेनंतरची जखम किंवा डोळा ते सहन करू शकत नाही. हा नियमही सर्व वर्गांना सारखाच लागू आहे.

पायांतील गुठळी आणि एक फसवे नाव

दीर्घकाळ बसून राहिल्याने पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होते, या आजाराला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असे नाव रूढ झाले. या नावाने बराच गैरसमज पसरवला आहे. छातीविकारांच्या अमेरिकी तज्ज्ञसंस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले, की स्वस्त वर्गातील प्रवासामुळे गुठळी होते असा पुरावा नाही. खरे कारण आहे हालचालीचा अभाव. म्हणूनच खिडकीजवळ बसून न उठणाऱ्याला धोका अधिक असतो, मग ती खिडकी पुढच्या वर्गातील असली तरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर ही जोखीम सुमारे दुप्पट होते. तरीही एकूण प्रमाण साधारण सहा हजार प्रवाशांत एक इतके कमीच राहते. दुबईचा प्रवास या मर्यादेच्या आत बसतो. मात्र नाशिक किंवा कोल्हापूरहून मोटारीने मुंबईला येणे, विमानतळावर बसणे आणि मग विमानात बसणे हे सर्व तास एकत्र मोजले पाहिजेत. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी आणि नुकतीच सांधाबदल शस्त्रक्रिया झालेल्यांनी विशेष सल्ला घ्यावा. इतरांनी मोटार मध्ये एक-दोनदा थांबवून चार पावले चालावे, आणि विमानात दर अर्ध्या तासाने घोटे वर-खाली व गोल फिरवावेत. एवढे पुरेसे आहे.

मोठी खुर्ची खरोखर कोणाला लागते?

तरीही काही जणांच्या बाबतीत हा खर्च चैन नसून गरज असते. ज्यांचा गुडघा पूर्ण वाकत नाही, ज्यांना कंबरेच्या किंवा मणक्याच्या दुखण्यामुळे सरळ बसवत नाही, ज्यांचे पाय लोंबकळत राहिले की सुजतात, त्यांना पाय वर घेऊन बसण्याची सोय मोलाची आहे. कंपवात असलेल्या व्यक्तीला अरुंद जागेतून उठणे-बसणे फार कठीण जाते. प्रोस्टेटच्या त्रासामुळे किंवा मूत्रल गोळ्यांमुळे ज्यांना वारंवार लघवीला जावे लागते, त्यांना जवळचे आणि गर्दी नसलेले स्वच्छतागृह ही मोठीच सोय वाटते. ते दूर आहे या संकोचाने अनेक ज्येष्ठ प्रवासात पाणीच पीत नाहीत. विमानातील हवा अतिशय कोरडी असते. तिच्यातील आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहून कमी असते. पाणी न प्यायलेल्या वृद्धाला उठताना चक्कर येते, आणि पडणे हा या वयातील सर्वांत महागडा अपघात आहे.

दुबईची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. रात्रभर जागरण होणार असेल, तर विमानतळावरील विश्रामकक्षाचाही उपयोग होतो. तेथे निवांत खुर्ची, वेळेवर खाणे आणि जवळ स्वच्छतागृह मिळते. मधुमेही व्यक्तीला हे विमानातील पदार्थांपेक्षाही अधिक उपयोगी पडते.

मात्र पैसे भरण्यापूर्वी त्या विमानातील खुर्ची कशी आहे, हे मुलांना नीट पाहायला सांगावे. कमी अंतराच्या प्रवासात काही विमानांत पूर्ण आडवी होणारी खुर्ची असते, तर काहींत ती केवळ मागे रेलते. नाव एकच असले तरी दोहोंतील फरक पाठीला लगेच कळतो.

सोयीतही जपून

पुढच्या वर्गात काही धोके सोयीच्या रूपाने येतात. खुर्चीचा पायटेकू वर असतानाच उठण्याचा प्रयत्न केल्यास तोल जातो. तो खाली घेण्याचे बटण कोणते, हे बसताच कर्मचाऱ्यांकडून समजून घ्यावे. मद्य विनामूल्य मिळते, पण झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते टाळावे. जेवण अनेक पदार्थांचे आणि बऱ्याचदा खारट असते. मधुमेहींचे किंवा कमी मिठाचे जेवण तिकीट काढताना किंवा किमान एक दिवस आधी सांगून ठेवता येते. ताट समोर आल्याशिवाय इन्शुलिन घेऊ नये. हवेतील धक्क्यांमुळे जेवण वाटणे मध्येच थांबू शकते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सोबतीची आहे. आईला पुढे बसवून काळजी घेणारी व्यक्ती मागच्या वर्गात बसते, असे प्रेमापोटी केले जाते. एकदा विमान उडाले की मागच्या प्रवाशाला पुढे ये-जा करू देतीलच असे नाही. विसराळूपणाचा विकार असलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या किंवा कर्मचाऱ्यांशी हिंदी-इंग्रजीत बोलायला बिचकणाऱ्या व्यक्तीला उंच आडोशाच्या खुर्चीत एकटे बसवणे हिताचे नाही. दोघांना परवडत नसेल, तर दोघांनीही साध्या वर्गात शेजारी बसावे. ओळखीचा हात जवळ असणे हे मऊ गादीपेक्षा मोठे औषध आहे.

खरी दमछाक जमिनीवर

विमानात आपण तीन तास बसूनच असतो. शक्ती खर्च होते ती विमानतळावरील लांबच लांब चालण्यात आणि रांगांत उभे राहण्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका ८० वर्षांच्या प्रवाशाबाबत घडलेली घटना आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पतिपत्नी दोघांसाठी व्हीलचेअर मागितलेली होती, पण एकच मिळाली. पत्नीला तिच्यात बसवून ते स्वतः चालत निघाले आणि वाटेत कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला.

यातून कुटुंबांनी घ्यायचा बोध साधा आहे. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्रपणे नोंदवावी. महाग तिकिटाबरोबर ती आपोआप येत नाही, आणि साध्या तिकिटावरही ती मागता येते. उतरल्यावर खुर्ची आली नाही, तर बसून वाट पाहावी. "थोडेच तर अंतर आहे," म्हणून चालू लागू नये. बाहेर मुले ताटकळत असतील याचा संकोच करू नये. त्यांना तसे आधीच सांगून ठेवावे.

हातातली पिशवी

औषधे नेहमी हातातल्या पिशवीतच ठेवावीत, सामानात देऊ नयेत. बॅग हरवली किंवा उशिरा आली तर पंचाईत होते, आणि सामानाच्या कप्प्यातील थंडीने इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकते. जिभेखाली ठेवायची गोळी किंवा दम्याचा पंप तर खिशातच हवा. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासाने मागे आहे. एवढ्या फरकाने बहुतेक औषधांच्या वेळा बदलाव्या लागत नाहीत. लघवी टाळण्यासाठी मूत्रल गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

संयुक्त अरब अमिरातीत औषधांचे नियम कडक आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल, प्रीगॅबालिन, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारखी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी औषधे तेथे नियंत्रित आहेत. त्यांच्यासाठी तेथील सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी. सर्व औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. आणि नातवंडांसाठी लाडू, अनारसे किंवा घरचा मसाला नेणाऱ्या आजींनी विशेष लक्षात ठेवावे, की खसखस तेथे बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. तिचे काही दाणेही अडचणीत आणू शकतात.

पैसे कोठे खर्चावेत?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गुडघा, कंबर, मूत्राशय किंवा कंपवात यांपैकी काही आपल्याला रोज अडवत असेल आणि कुटुंबाला खर्च झेपत असेल, तर बिझनेस क्लासचे तिकीट निःसंकोच घ्यावे. मुलांनी प्रेमाने दिलेली गोष्ट नाकारण्यात थोरपण नाही. जाता-येता दोन्ही वेळा जमत नसेल, तर रात्रीच्या प्रवासापुरते घ्यावे.

प्रकृती ठीक असेल, तर त्याच पैशांतून अधिक उपयोगाच्या गोष्टी होतात: मध्ये न थांबणारे, दिवसा सुटणारे विमान, येण्याजाण्याच्या वाटेकडेची, पाय पसरायला अधिक जागा असलेली खुर्ची, सोबत येणाऱ्या नातेवाइकाचे तिकीट, आणि पूर्वीपासूनचे आजार सामावून घेणारा प्रवास विमा. पैकी संकटकालीन दाराजवळची खुर्ची मात्र मदतीची गरज असणाऱ्यांना देत नाहीत.

तिकीट कोणतेही असो, निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना एकदा भेटावे. रक्तदाब, साखर आणि श्वास यांची तपासणी व औषधांची चिठ्ठी एवढ्यानेच निम्मी काळजी मिटते. उरलेली निम्मी पाणी पिण्याने, पाय हलवण्याने आणि व्हीलचेअर येईपर्यंत शांतपणे बसून राहण्याने मिटते, आणि या तिन्ही गोष्टी दोन्ही वर्गांत फुकटच मिळतात.