शब्दाला कागदाची जोड
बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यातील भोजन-व्यवसायाविषयी काही विचार

आपल्या समाजाचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर चालत आला. भुसार असो वा कापड, वहीत नोंद झाली आणि तोंडी होकार मिळाला की व्यवहार पक्का होई. त्या शब्दामागे ओळख असे. देणारा आणि घेणारा दोघेही एकाच बाजारपेठेत बसत आणि एकमेकांच्या मंगलकार्यात भेटत. आता बिडकीन परिसरात जो नवा ग्राहक येत आहे, त्याची व आपली अशी ओळख नाही. तो कंपनी म्हणून येतो, त्याचे अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात आणि आज ज्याने शब्द दिला तो उद्या दुसऱ्या शहरात असतो. मागे राहतो तो फक्त कागद.

पैठण तालुक्यातील बिडकीन येथील सुमारे ७,८५५ एकरांच्या औद्योगिक क्षेत्राचे २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रार्पण झाले. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील शेंद्रा-बिडकीन अर्थात ऑरिक या प्रकल्पाचा हा भाग आहे. टोयोटा किर्लोस्करसारख्या मोठ्या वाहन-उद्योगाने या परिसराची निवड केली आहे. कारखाना उभा राहण्याआधी बांधकामाचे मजूर येतात, त्यांच्या मागोमाग अभियंते आणि शेवटी कामगार. या सर्वांना दोन वेळचे जेवण लागते. म्हणूनच किराणा दुकानाच्या जोडीला केटरिंग सुरू करण्याचा विचार अनेक घरांतील तरुण मुले-मुली करीत आहेत.

कायद्यानेही या व्यवसायाचे क्षेत्र विस्तारले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यातच उपाहारगृहाची सक्ती करता येत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा कंत्राटी कामगारांसह शंभरावर आणली आहे. म्हणजे मध्यम आकाराचे कारखानेही आता आपले ग्राहक होऊ शकतात.

काम कसे मिळते?

कारखान्याचे काम केवळ चवीवर मिळत नाही. निर्णय घेणारा प्रशासन अधिकारी तीन गोष्टी पाहतो : स्वच्छता, वेळेची खात्री आणि कागदपत्रे. अन्न सुरक्षा परवाना, जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी आणि आचारी-वाढप्यांची वैद्यकीय तपासणी यांची एक फाईल सदैव तयार असावी. त्याला आपले स्वयंपाकघर पाहण्याचे आमंत्रण स्वतः होऊन द्यावे. पाणी गाळून घेणे, धान्य निवडून वापरणे, शिळे न ठेवणे हे आपल्या घरांत धर्माचरण म्हणून चालत आले आहे. तेच येथे सर्वांत प्रभावी जाहिरात ठरते. सुरुवात मोठ्या कंपनीपासून करण्याचा हट्ट नसावा. बांधकाम ठेकेदाराची पन्नास ताटे वर्षभर वेळेवर पोहोचविली, तर तेच पुढच्या कामाचे शिफारसपत्र होते.

दर कमी सांगून काम मिळविण्याचा मोह मात्र टाळावा. तोट्यातला दर शेवटी वरणाच्या पातळपणात आणि तेलाच्या प्रतीत उतरतो. चांगल्या मालात हलका माल मिसळून देणे, यास तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हटले असून तो अचौर्य अणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. धान्य, भाजी, गॅस, मजुरी, वाहतूक आणि नफा अशी फोड करून दर मांडला, तर ग्राहकाचा विश्वासही बसतो आणि पुढे दरवाढ मागणेही सोपे जाते.

उधारीचे गणित

कर्जप्रस्ताव तपासताना एक गोष्ट सातत्याने दिसत असे : भोजन-व्यवसाय तोट्यामुळे बुडतो त्याहून अधिक वेळा तो अडकलेल्या पैशामुळे बुडतो. उदाहरणादाखल रोजची ३०० ताटे, प्रति ताट ७० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस धरू. महिन्याचे बिल ५,४६,००० रुपये होते. बिल महिनाअखेरीस आणि त्यानंतर ४५ दिवसांची उधारी असेल, तर पहिल्या दिवशीच्या ताटाचे पैसे ७५ व्या दिवशी हाती येतात. तोवर अडीच महिन्यांचे, म्हणजे १३,६५,००० रुपयांचे जेवण वाढून झालेले असते. खर्च ८५ टक्के धरला, तर घरातून सुमारे ११,६०,००० रुपये घालावे लागतात. तेच बिल दर पंधरवड्याला आणि उधारी ३० दिवसांची ठेवली, तर ही रक्कम सात लाखांच्या आत येते. दर तोच, ताटे तीच. फरक करारातील एका ओळीचा आहे.

या बाबतीत कायदा लहान व्यावसायिकाच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु उपक्रमांचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय प्राप्तिकर कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून अशी रक्कम वेळेत न देणाऱ्या कंपनीला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. उद्यम नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापणे, हा या संरक्षणाचा लाभ घेण्याचा साधा उपाय आहे.

करारात काय असावे?

१. किमान ताटांची हमी. सुट्टी वा उत्पादनबंदीच्या दिवशी कच्चा माल वाया जाऊ नये.
२. ताटांची मोजणी कोणी व कशी करायची आणि रोजच्या नोंदीवर उभयतांची सही.
३. तेल, डाळ व गॅस यांचे भाव ठरावीक टक्क्यांहून वाढल्यास दर-फेराचे सूत्र.
४. पाणी, वीज, जागा व भांडी कोणाची, याचा स्पष्ट उल्लेख.
५. दंडाची कमाल मर्यादा आणि करार संपविण्यासाठी दोन्ही बाजूंना समान मुदतीची सूचना.
६. भोजन शाकाहारीच राहील, हे पहिल्याच पानावर.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. काम मिळाल्यावर सहा महिन्यांनी सामिष भोजनाची मागणी आली, तर नाही म्हणणे अवघड जाते. रात्रपाळीचे जेवण द्यायचे की नाही, हाही प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांसह सहीपूर्वीच सोडवावा.

लग्नकार्ये आणि धार्मिक उत्सव यांनाही हीच शिस्त लागू आहे. कार्तिकी पौर्णिमेला जवळच्या कचनेर अतिशय क्षेत्री यात्रेकरूंची दाटी होते. अशा वेळी समाजाचेच काम म्हणून संकोचाने कागद केला जात नाही आणि नंतर ताटांच्या आकड्यावरून आप्तांत कटुता येते. अंतिम आकडा किती दिवस आधी कळवायचा, कार्य रद्द झाल्यास विसाराचा किती भाग परत द्यायचा, हे दोन पानांत लिहून घेतल्याने नाते दुरावत नाही, उलट टिकते. विसार ही कामापूर्वी आपल्याकडे ठेवलेली अनामत आहे. समोरचा विसरला म्हणून ती दडपणे, हा ‘न्यासापहार’ होय. त्याच सूत्रग्रंथात तो सत्याणुव्रताचा अतिचार मानला आहे आणि खोटा दस्त करणे, म्हणजेच ‘कूटलेखक्रिया’, हाही त्याच पंक्तीत बसविला आहे.

तेव्हा करार मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही समजूत आपण सोडून द्यावी. जो आपल्या शब्दाला जागणार आहे, त्याला तो लिहून देण्यात अडचण नसते. घरातील नव्या पिढीने पहिली पातेली चुलीवर चढविण्याआधी एखाद्या जाणत्या वकिलाकडून कराराचा मसुदा करून घ्यावा. त्याचा खर्च एका दिवसाच्या भाजीपाल्याहून फार अधिक नसतो.