सुटलेली ओळ : वाचणं, लक्षात ठेवणं आणि चूक कबूल करणं



आजचा विषय जाहीर केला तेव्हा एकाने विचारलं होतं, की शाळा शिकलेल्या माणसाला वाचायला काय शिकवायचं? वाचता तर येतंच की. आम्हालाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. म्हणून सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो.

तळोदा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथे वनहक्क दाव्यांसाठी बैठक होती. चिंचेखाली पन्नासेक माणसं बसलेली. आम्ही कायद्याचा कागद हातात धरून मोठ्या आवाजात सांगितलं, की या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला चार हेक्टर जमीन मिळते. लोक खूश, आम्हीही खूश. चार दिवसांनी दुसऱ्या कुणाला तरी तेच समजावून सांगायचं होतं म्हणून कागद पुन्हा उघडला आणि पोटात गोळाच आला.

वनहक्क कायदा 2006 चा आहे. त्याच्या कलम 4 मधलं पोटकलम 6 काय म्हणतं? जेवढी जमीन प्रत्यक्ष ताब्यात आहे तेवढ्यापुरताच हक्क, आणि तोही कोणत्याही परिस्थितीत चार हेक्टरपेक्षा जास्त नाही. म्हणजे चार हेक्टर ही वरची मर्यादा झाली, ते काही वाटप नव्हे. आम्ही आकडा वाचला आणि त्याच्या अलीकडचे शब्द गाळले. तोवर गावातल्या एका माणसाने दोन एकर कसत असताना दाव्यात चार हेक्टर भरून ठेवले होते. कागद तसाच पुढे गेला असता आणि मोजणी जुळली नसती, तर त्याच्या खऱ्या दोन एकरांवरही संशय आला असता.

त्या माणसाला लिहिता येत नव्हतं. आम्हाला वाचता येत होतं. चूक वाचता येणाऱ्याकडून झाली, हे लक्षात ठेवा.

2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के होती. राज्याची 82 टक्क्यांच्या वर आणि जिल्ह्यांमध्ये आपला नंबर शेवटचा. हा आकडा भाषणांत नेहमी येतो. पण जे 64 टक्क्यांत मोजले गेले त्यांचं पुढे काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. आपल्याकडे घरात पावरी, भिली, मावची, गुजरी नाहीतर अहिराणी. शाळेत पुस्तकातली मराठी. आणि कचेरीतून येणारा कागद ज्या मराठीत असतो ती पुण्यातल्या माणसाच्याही घरात बोलत नाहीत. धडगावचा मुलगा हा कागद वाचून गोंधळला तर त्याने स्वतःला कच्चा समजू नये. तो तिसऱ्या भाषेत वाचतोय.

आता त्या तिसऱ्या भाषेत शिरायचं कसं? आमचा एक साधा उपाय आहे. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. लांबलचक सरकारी वाक्यात आपण सुरुवातीच्या शब्दांतच दमतो आणि काय करायचं ते जिथे लिहिलंय तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी पूर्णविरामाकडे जा. तिथलं क्रियापद पकडा. मग विचारा : कुणी? काय? कधी? कोणत्या अटीवर?

एक वाक्य घेऊ. ‘अर्जदाराने विहित मुदतीत पुरावे सादर केल्याखेरीज त्याच्या दाव्याचा विचार करण्यात येणार नाही.’ शेवट काय? ‘विचार करण्यात येणार नाही.’ कशाचा? दाव्याचा. अट कुठे आहे? ‘केल्याखेरीज’मध्ये. एका वाक्यात दोन नकार आहेत, ‘खेरीज’ आणि ‘नाही’. ते सोडवले की उरतं एवढंच : मुदतीत पुरावे द्या, तर विचार होईल. आणि बघा, ‘विचार होईल’ म्हटलंय, ‘दावा मंजूर होईल’ असं म्हटलेलं नाही. घाईत वाचणारा हमखास मंजूर वाचतो, कारण त्याला मंजूर हवं असतं.

दुसरं, छोटे शब्द. आणि, किंवा, परंतु, तथापि, मात्र, पर्यंत, पासून, खेरीज. कागदावर पेन्सिल फिरवायची तर यांच्याभोवती फिरवा. अभ्यासिकेत बसणारी मुलं मोठमोठ्या शब्दांवर पिवळा रंग मारतात. आम्ही काही पुस्तकं अशी पाहिली आहेत की पानभर पिवळं, पांढरा भाग शोधावा लागतो. स्पर्धा परीक्षेत प्रश्न असतो ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे’, आणि बरोबर विधानावर खूण करून मुलगा बाहेर येतो. इतिहास त्याला येत होता. ‘चुकीचे’ हा शब्द त्याने वाचलाच नव्हता.

बोट ठेवून वाचायलाही लाजू नका. पहिलीत बाईंनी बोट ठेवायला शिकवलं आणि पुढे कुणीतरी ते सोडायला लावलं. अवघड कागद असेल तर बोट ठेवा, ओठ हलवा, मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचताना शब्द गाळला की वाक्य अडखळतं आणि कानाला लगेच कळतं. डोळा मात्र बिनदिक्कत उडी मारून जातो.

आणि सगळ्यात कठीण परीक्षा अशी : वाचलेलं घरच्या बोलीत सांगा. ‘प्रत्यक्ष ताबा’ हे आईला पावरीत किंवा अहिराणीत सांगून बघा. तोंडातून पुन्हा ‘प्रत्यक्ष ताबा’च बाहेर पडत असेल तर तुम्हाला शब्द पाठ झालाय, कळलेला नाही. आम्ही त्या दिवशी चिंचेखाली हे केलं असतं, तर ‘तू कसतोस तेवढी’ असं सांगावं लागलं असतं आणि चूक तिथेच उघडी पडली असती.

लक्षात ठेवण्याबद्दल फार बोलणार नाही, कारण त्यातली मुख्य गोष्ट छोटी आहे. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, किती वेळाने किती विसरतो ते मोजलं आणि 1885 मध्ये पुस्तक काढलं. विसरण्याचा मोठा भाग सुरुवातीलाच घडतो. पहिल्या काही तासांत बरंच निसटतं, मग वेग मंदावतो. एकाच दिवशी दहा वेळा घोकण्यापेक्षा मध्ये अंतर सोडून उजळणी केली तर जास्त टिकतं. म्हणून पुस्तक मिटा आणि न बघता तीन ओळी लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मग आठवडे बाजाराच्या दिवशी, रांगेत किंवा गाडीत बसल्या बसल्या. आठवत नसेल तर लगेच पुस्तक उघडू नका, थोडं ताणा. त्या ताणण्यातच आठवण पक्की होते. पुन्हा पुन्हा नुसतं वाचत राहिलं की मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाला की आपल्याला वाटतं तो येतोय.

आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना हे कुणी शिकवलं नाही. शेत कधीपासून कसता म्हणून विचारा. ते सन सांगणार नाहीत. 1972 च्या दुष्काळाच्या आधी की नंतर, ते सांगतील. मोठा मुलगा तेव्हा चालत होता का, बांध मोहाच्या झाडापर्यंत होता की नाल्यापर्यंत, ते सांगतील. त्यांची आठवण जागेला बांधलेली असते आणि ती ते कुणा ना कुणाला सांगत आलेले असतात. कायद्यालाही हे मान्य आहे. वनहक्काच्या नियमांमध्ये जे पुरावे चालतात, त्यांत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं निवेदनही आहे. फक्त एकच पुरावा देऊन थांबू नका. एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे, असं तिथे म्हटलंय. हाही एक छोटासा शब्दप्रयोग, पुष्कळ जण गाळतात.

दुसऱ्याचं ऐकून कसं टिपायचं, याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. आपला भाग तेव्हा पश्चिम खानदेशात, जिल्ह्याचं ठिकाण धुळे. 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे. हे व्याख्यान तुम्ही लेखी रूपात वाचताय, तेही कुणीतरी ऐकून उतरवलेलंच आहे. लिहिणाऱ्याने मागचं वाक्य धरून ठेवत पुढचं ऐकायचं असतं. करून बघा एकदा, पाच मिनिटं. हात दुखायच्या आधी लक्षात येतं, की आपण ऐकतच नव्हतो.

आता तिसरा भाग. हा आम्हाला अजून जड जातो.

चार दिवसांनी चूक कळली तेव्हा मनात पहिला विचार काय आला, सांगू? की पुढच्या बैठकीत बोलता बोलता बरोबर माहिती सांगून टाकू, कुणाच्या लक्षात येणार नाही. दुसरा विचार, की कागदाची भाषाच अवघड. हे खरंही होतं. पण भाषा अवघड होती तर आम्ही इतक्या खात्रीने का बोललो?

आपली भाषाही इथे आपल्याला पळवाट देते. ‘चूक झाली.’ कुणी केली? वाक्यात माणूसच नाही. पाऊस झाला तशी चूक झाली. ‘आमच्याकडून चूक झाली’ म्हटलं की माणूस येतो, पण कडेला उभा राहतो. ‘कुणाचा गैरसमज झाला असेल तर’ म्हटलं की चूक ऐकणाऱ्याच्या अंगावर गेली. ‘आम्ही चुकीचं सांगितलं’ हे तीन शब्द आहेत. आरशासमोर म्हणून बघा, जीभ अडते.

1919 मध्ये गांधीजींनी नडियादच्या सभेत आपली चूक हिमालयाएवढी असल्याचं सांगितलं. लोक हसले त्यांना. आपल्याला ‘हिमालय’ लक्षात राहिला. आमच्या मते महत्त्वाचं आहे ते त्यांनी चुकीला नेमकं नाव दिलं ते. काहीतरी बिनसलं, असं ते म्हणाले नाहीत. लोकांची तयारी होण्याआधीच आपण त्यांना कायदेभंगाला बोलावलं, असं म्हणाले. चूक एवढी नेमकी सांगितली की ती दुरुस्त करायला जागा मिळते. नुसतं ‘माफ करा’ म्हटलं की मन हलकं होतं, दाव्यातला आकडा तसाच राहतो.

तर आम्ही परत गेलो. त्याच गावात, त्याच चिंचेखाली. चूक जितक्या लोकांसमोर केली तितक्यांसमोर सुधारायची, हा हिशेब. एकट्या त्या माणसाला गाठून सांगणं सोपं होतं, पण बाकीच्या पन्नास जणांच्या डोक्यात चार हेक्टर तसेच राहिले असते. सांगितलं, की मागच्या वेळी आम्ही चुकीचं सांगितलं. कागदात असं आहे, आम्ही असं वाचलं, हे शब्द गाळले.

कुणी रागावलं नाही. ते आम्हाला जास्त जड गेलं. मग मागे बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, “भाऊ, हे एकच चुकलं का? बाकीचं बरोबर वाचलं होतं?”

खरं सांगायचं तर आम्हाला माहीत नव्हतं. सगळा कागद तिथेच पुन्हा वाचला, बोट ठेवून, मोठ्याने. गावातला बारावी झालेला एक मुलगा प्रत्येक वाक्य भिलीत सांगत होता. तो अडला की आम्ही थांबायचो. दोन तास गेले आणि आणखी एक चूक सापडली. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर उपविभागीय समितीकडे साठ दिवसांत दाद मागता येते. हे साठ दिवस कागद हातात पडल्यापासून, असं आम्ही सांगितलं होतं. तिथे लिहिलंय, ठराव झाल्याच्या तारखेपासून. पुन्हा ‘पासून’ सुटला होता.

त्या दोन एकरवाल्याचा दावा अजून गावातच होता. त्याच्या मुलीने चार हेक्टर खोडून सुमारे 80 आर लिहिलं, बाजूला त्याने अंगठा केला. मग त्याने विचारलं की बायकोचं नाव कुठे आलं, कारण लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा असं त्याने मघाशी भिलीत ऐकलं होतं. बघितलं, तर ती जागा कोरी होती.