मोजलेले आणि निसटलेले मृत्यू

‘साध्या फ्लूनेही दरवर्षी लाखो माणसं मरतात, मग करोनाचाच एवढा बाऊ कशाला?’ २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये हा सवाल व्हॉट्सॲपवर जोरात होता. आकडा खरा होता. हंगामी फ्लूने श्वसनविकार होऊन जगात दरवर्षी २.९ ते ६.५ लाख माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. फसवी होती ती तुलना. करोनाचे तेव्हाचे बळी चाचणी करून एकेक मोजलेले होते. फ्लूचे गणिताने काढलेले. फ्लूचं निमित्त होऊन म्हातारं माणूस गेलं, तर दाखल्यावर बहुधा न्यूमोनिया किंवा हृदयविकार येतो.

पुणेकरांना २००९चा ऑगस्ट आठवत असेल. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला आणि नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. त्या साथीत जगभर प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू होते सुमारे साडेअठरा हजार. पुढे संशोधकांनी पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला, तो निघाला दीड ते पावणेसहा लाख!

म्हणून आता ‘जादा मृत्यू’ काढतात. एरवी त्या काळात किती माणसं गेली असती ते आधीच्या वर्षांवरून ठरवायचं आणि प्रत्यक्ष मृत्यूंतून वजा करायचं. दाखल्यावरचं कारण काहीही असो, मृत्यूची नोंद मात्र हवी. आपलं घोडं तिथेच अडतं. २०२०-२१ मध्ये भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाले, असं आरोग्य संघटना म्हणते. करोनाबळींचा सरकारी आकडा ४.८ लाख. सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. तो अगदीच पोकळ नव्हता, पण त्याने दहापट तफावत मिटत नाही.

१९१८च्या इन्फ्लुएन्झा साथीची गोष्ट याहून बिकट. जूनमध्ये मुंबई बंदरातून साथ शिरली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ माणसं गेली. खेड्यांतल्या मृत्युनोंदीत पटकी, देवी, प्लेग यांना रकाने होते, इन्फ्लुएन्झाला नव्हता. ते बळी बहुतेक ‘ताप’ या रकान्यात गेले. पहिला सरकारी अंदाज साठ लाखांचा होता. पुढे १९२१च्या खानेसुमारीशी ताळा जुळवून अभ्यासकांनी तो सव्वा ते दोन कोटींच्या आसपास नेला. म्हणजे शंभरातले चार ते सहा. करोनाचा ४७ लाखांचा अंदाज धरला, तरी प्रमाण हजारात तीन-चार.

शिवाय करोनाने मुख्यतः वृद्धांना नेलं, तर १९१८च्या तापाने विशी ते चाळिशीतल्या, कमावत्या आणि लेकुरवाळ्या माणसांना.